लाल बिल्डिंगचा गिलावा

मुलांनो, मागच्या महिन्यात तुम्ही तिकडच्या विटांनी बांधलेल्या एका जुन्या बाजाराचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, "आजी, तुमच्या गावात असं काही होतं का?" मी फोनवर "होतं" एवढंच म्हणाले आणि तुमच्या परीक्षेचं विचारलं. मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं, म्हणून लिहिते.

परतूरला स्टेशनवरून बाजाराकडे येताना उजव्या हाताला एक दुमजली इमारत होती. निजामाच्या काळात कापसाच्या एका व्यापाऱ्याने ती बांधली. खाली कमानींची आठ दुकानं, वर एक लांब दालन, तिथे पूर्वी कापसाचे सौदे होत. बाहेरून गिलावा नव्हता, नुसत्या विटा. दुधना नदीच्या काठच्या मातीच्या, हाताने थापलेल्या, आणि चुन्याचे सांधे इतके बारीक की त्यांत नख शिरत नसे. कमानींवर मुद्दाम जास्त भाजलेल्या काळपट विटांची नक्षी होती. कोपऱ्यावरच्या विटा बैलगाड्यांची चाकं घासून गोल झाल्या होत्या. गाव तिला लाल बिल्डिंग म्हणे.

मी तिथल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत असे. तिसऱ्या दुकानात एक पिंजारी चाचा बसत. घरच्या सगळ्या गाद्या मी त्यांच्याकडूनच करून घेत असे आणि टाके सरळ रेषेत आहेत की नाही हे तिथेच उभी राहून पाहत असे.

"बाई, तुमच्या गादीत कापूस कमी अन् शिस्त जास्त भरावी लागते," ते म्हणायचे. दुकानात बसलेले हसायचे. मीही हसायची, पण टाके मोजायचे सोडत नसे.

पुढे व्यापाऱ्याच्या वारसांनी, ते हैदराबादला राहत, बिल्डिंग विकायला काढली. घेणारा ती पाडून तिथे सिमेंटचं कॉम्प्लेक्स बांधणार होता. चाचा एका रविवारी आमच्या घरी आले, चहा घेईनात.

"बाई, माझ्या आज्यापासून आम्ही तिथंच बसून राह्यलो. तुम्हाला इंग्रजी येतं. सरकारला लिवा काहीतरी."

जुन्या वास्तूंची नोंद करून त्यांना संरक्षण देणारं सरकारी खातं असतं, हे मी वाचलं होतं. मी चार पानी अर्ज लिहिला. इथे कोणी राजा राहिला नाही, इथे लढाई झाली नाही, पण या भागातला कापूस कसा विकला जाई आणि इथले गवंडी काय करू शकत, हे या भिंतीवर अजून वाचता येतं, असं लिहिलं. फोटो जोडले नाहीत. साहेब स्वतः येऊन बघतीलच, असं मला वाटलं.

उत्तर आलं. अधिकारी पाहणीला येणार होते. पण त्याच आठवड्यात तुमच्या आईचे दिवस भरले होते आणि मला पुण्याला जायचं होतं. तुमच्यातला थोरला तेव्हा जन्मला. निघण्यापूर्वी मी आठही दुकानदारांना बिल्डिंगच्या पायऱ्यांवर जमवलं. शाळेच्या तपासणीआधी आम्ही जसं करत असू तसंच. हातात यादी होती. पोस्टर काढा, जळमटं झाडा, नाली साफ करा. आणि शेवटी म्हणाले, "समोरची भिंत अशी करून ठेवा की साहेब बघत राहिले पाहिजेत."

"फिकर करू नका बाई," चाचा म्हणाले. "लेकीचं बघा. इथलं आम्ही बराबर करतो."

पाहणीच्या दिवशी सकाळच्या गाडीने मी परतले. स्टेशनवरून येताना मला लाल बिल्डिंग दिसेना. एक क्षण वाटलं, पाडली. मग दिसली. वरपासून खालपर्यंत सिमेंटचा गिलावा, त्यावर पिस्ता रंग, कमानींना चॉकलेटी पट्टा. गिलावा धरावा म्हणून आधी प्रत्येक विटेला छिन्नीने खाचा मारल्या होत्या. पायऱ्यांशी विटांच्या लाल कपच्यांचा ढीग अजून पडला होता.

चाचा नवीन टोपी घालून उभे होते. "बघा! सात दिवस आठही दुकानं बंद ठेवून केलं. एवढा मोठा साहेब येणार, मंग त्याला उघड्या विटा दाखवायच्या? आपली काही इज्जत हाये की न्हाई?"

शेजारचा कापडवाला म्हणाला, "चाचा तर म्हणत होते, बाईच्या यादीत भिंत आहे, रंग त्यांनाच विचारू. आम्ही म्हटलं, बाई गाद्यांचे टाके मोजतात, रंगाला होय म्हणायला महिना लावतील."

सगळे हसले. मला माहीत होतं की आमच्याकडे बिनगिलाव्याची भिंत म्हणजे अर्धवट राहिलेलं घर. त्याच गावात इतकी वर्षं राहून मला ते यादी करताना आठवलं नाही.

अधिकारी आले. तरुण होते, सभ्य होते. त्यांनी किल्लीने एका कोपऱ्यात गिलावा खरवडला, आतली फुटकी वीट पाहिली आणि मला इंग्रजीत विचारलं, "हे कधी झालं?"

"या आठवड्यात."

"मग मला बघण्यासारखं काही उरलं नाही, मॅडम." त्यांनी वही मिटली. चाचांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, तो त्यांनी घालून घेतला.

महिनाभराने पत्र आलं, इंग्रजीत. दर्शनी भागाचं मूळ स्वरूप नुकत्याच केलेल्या कामामुळे कायमचं नष्ट झालं असल्याने इमारतीची नोंद करता येत नाही, असं त्यात होतं. ते घेऊन मी दुकानात गेले, तेव्हा चाचा कापसाच्या ढिगावर बसले होते.

"काय लिवलंय, बाई?"

मी पत्र पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातलं आणि म्हणाले, "सरकारकडे निधी नाही, म्हणतात."

"आपलं काम तर पसंत पडलं ना?"

"पडलं."

त्यांनी मान हलवली. मी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. त्यांचं मन मोडू नये म्हणून मी असं वाचलं, अशी बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली. पण पत्र जसंच्या तसं वाचलं असतं, तर ती यादी कोणाची होती हे कोणीतरी विचारलं असतं. चाचांनी विचारलं नसतं, समजून घेतलं असतं. मला तेही नको होतं.

उन्हाळ्यात बिल्डिंग पाडली. चुन्यातल्या विटा सहज सुटत नव्हत्या, मजुरांना पंधरा दिवस लागले. चाचांनी बाजार समितीच्या रस्त्याला पत्र्याचं दुकान टाकलं. तिथे उन्हाचं बसवत नसे, आणि तयार गाद्या विकणारेही तोवर आले होते. ते खचले. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सरकारकडं पैसा नव्हता, न्हाईतर आमची बिल्डिंग पास झाल्ती. विचारा बाईला."

मी तिथे असले की लोक माझ्याकडे बघत, आणि मी दर वेळी हो म्हणत असे.