शपथ न मागणारी माणसं

आमच्या घरात शपथांना तोटा नव्हता. माझ्या पोरीचा बाप चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला होता. वर आला की मोहाची दारू प्यायचा आणि शुद्धीवर आला की शपथ घ्यायचा. देवीसमोर घेतली, वैनगंगेच्या पाण्यात उभं राहून घेतली, माझ्या वडिलांच्या पायावर हात ठेवून घेतली. शेवटी एका पोळ्याला पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडे ही शपथ सगळ्यांत जड. मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याच्यावर उलटते, हे लहान पोरंही जाणतात. त्यानं ती दुसऱ्याच दिवशी, तान्ह्या पोळ्याला मोडली, आणि पोर तापानं फणफणली. ताप उतरला, पण तेव्हापासून बाप जवळ आला की ती दोन्ही हातांनी डोकं झाकून पळायची. नुकतीच शाळेत जायला लागलेली पोर, आणि बापाच्या हाताला भ्यायची. मला ते बघवत नव्हतं, आणि त्यालाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. खाणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला सांगितलं, "वयनी, तुमसरले शाळेत दर आयतवारी काही माणसं बसतात. दारू सुटते म्हणतात तेथं." एवढंच. कोण बसतं, कोण सोडवतं, काही नाही. कोणी महाराज असणार, असं मी धरून चालले. नारळ, उदबत्ती, कुंकू पिशवीत भरलं. पोरीला मात्र मुद्दाम शेजारणीकडे ठेवलं. तिच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवायला कुणी सांगितलं असतं, तर मी महाराजांशीही भांडले असते.

रविवारी आम्ही दोघं तुमसरला उतरलो. शाळा सापडली, महाराज सापडेनात. मांडव नाही, भोंगा नाही, दाराशी चपलांचा ढीग नाही. एका वर्गात इस्त्रीचे कपडे घातलेली काही माणसं बाकांवर चहा पीत बसली होती. मास्तरांची मीटिंग असेल म्हणून मी पुढं गेले. शाळेला चक्कर मारून पुन्हा त्याच दारात. दारुडे कुठं दिसतच नव्हते.

"त्या कंपाउंडरनं आपल्याले उल्लू बनवलं," मी चिडून म्हटलं.

पोरीचा बाप मात्र दारातच थांबला होता. आतल्या एकाकडे टक लावून म्हणाला, "हा तं ट्रकवाला होय. नाकाडोंगरीच्या भट्टीवर माह्यासंगं बसे. मले वाटलं, मेला."

"मेलोच होतो," तो माणूस आतून म्हणाला. "ये ना बा, बस. वयनी, तुमी बी या."

मी आत गेले, नारळ काढला आणि विचारलं, "महाराज कवा येतेत जी?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ट्रकवाला हसला नाही, हे मला आवडलं. "कोणी येत नाही, वयनी. आमीच आहो. सारे पिणारेच."

मग एकेक जण उठून आपण काय काय बुडवलं ते परक्या बाईसमोर सांगू लागला. मला लाज वाटत होती, राग येत होता आणि मधेच रडूही येत होतं. हे कसले वैद्य, सगळेच रोगी! नारळ मांडीवर घेऊन मी तशीच बसले. कुणापुढं ठेवायचा तेच कळेना.

शेवटी पोरीचा बाप उभा राहिला. सवयीनं त्यानं हात पुढं केला. "कायची शपथ घेऊ, सांगा."

"शपथ नोको," ट्रकवाला म्हणाला. "आज पिऊ नोको. पुढच्या आयतवारी ये."

"अन् उद्या?" मी विचारलं.

"उद्याचं उद्या पाहू, वयनी."

जन्मभराच्या शपथा पचवलेल्या माणसाला यांनी एका दिवसावर सोडून दिलं! हा काय इलाज झाला? एसटीत मी सारा वेळ धुसफुसत होते. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याला तरी काही उमगलं होतं की नाही, देव जाणे. नारळ पिशवीत तसाच होता.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. पोर शेजारच्या ओट्यावर बसलेली. बाप तिच्याजवळ गेला, थांबला, आणि हळूच तिच्या डोक्याकडे हात नेला. तिनं लगेच दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"नोको बाबा. माही शपथ नोको घेऊ."

"नाही घेत व माय," तो म्हणाला. "आज तेथं कोणी मांगतलीच नाही. नुसता हात ठेवतो."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. बाप खरं बोलतो का, एवढंच तिला विचारायचं होतं. उद्याचं मला काहीच ठाऊक नव्हतं, पण आजचं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. मी मान हलवली.

तिनं एक हात काढला. दुसरा तसाच राहू दिला.