कॅसेटवरचा कासोटा

इकडे ये गं पोट्टे, जवळ ये. पुण्याहून जेवढं जवळ येता येते तेवढं ये. आणि तो फोन असा टेकवून ठेवू नको, मले तुझं नुसतं कपाळ दिसते. दिवाळीले येणार होती, नाही आली. होळीले येणार होती, तर तुझ्या बँडचा कार्यक्रम निघाला. आता म्हणतेस, "आजी, अगले महीने पक्का." मी मराठीत विचारते, तू हिंदीत टाळतेस. असं करते का कोणी? जाऊ दे. रागावून नाही राहिली मी. रागवायलेही आता दम लागते, आणि तो दम मी जिना चढायसाठी ठेवते.

तर तुले तो फोटो सापडला. कोण्या हौशी माणसानं इकडच्या जुन्या कॅसेटींची कव्हरं जमवून इंटरनेटवर टाकली, त्यात तो निघाला. तळ्याच्या काठावर पाठमोरी बाई, मान वळवून पाहून राहिली, अंगावर हिरवं लुगडं, तोंडावर अंधार. तू मले पाठवला आणि लिहिलं, "आजी, ये आपने खींचा है? आप तो स्टाइलिस्ट थीं!" आता तुझ्या नव्या गाण्याच्या कव्हरसाठी तुले तस्साच पाहिजे. तेच लुगडं, तसंच नेसणं, तसाच उलटा उजेड. देईन बापा, सगळं देईन. पण मलेही एक फोटो पाहिजे, आणि तो तुझ्या आधी पाहिजे. कोणता, ते समजायसाठी तुले सगळं ऐकावं लागते.

छत्तीसगढ नवं राज्य झालं तेव्हाची गोष्ट. आपलं रायपूर एकाएकी राजधानी झालं होतं. ज्या रस्त्यानं सायकली जायच्या तिथून लाल दिव्याच्या गाड्या जाऊन राहिल्या होत्या. आम्ही तेव्हा स्टेशनाजवळच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहायचो, तुझे आजोबा रेल्वेत. मले दोन नाद होते. एक शिवण्याचा. सिनेमा मी दोनदा पाहायची, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा ब्लाउजांच्या गळ्यांसाठी. तुझे आजोबा म्हणायचे, "काहून, पहिल्यांदा गोष्ट समजली नाही का?" अंधारात हातावर बोटानं गळा काढून पाहायची आणि घरी आल्या-आल्या कात्री घ्यायची. दुसरा नाद कॅमेऱ्याचा. कोण्या सोबत्यानं यांच्या गळ्यात आपला जुना कॅमेरा मारला, तो मी उचलला. कोणी शिकवलं नाही. पहिला रोल धुऊन आला तेव्हा घरातल्या सगळ्यांची मुंडकी कापलेली. यांनी एक फोटो उचलून विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "तुम्ही. स्वेटरावरून ओळखा."

आणि त्याच वर्षांत कॅसेटीचं खूळ आलं. राज्य आपलं, तर गाणी आपल्या बोलीतली, असं झालं होतं. बसस्टँडजवळच्या दुकानांत दिवसभर छत्तीसगढी गाणी वाजायची. मोठी कंपनी नाही, मोठा शेठ नाही. कोणी शेताच्या बांधावर शूटिंग करे, कोणी सरकारी बागेत. तू ज्याले इंडी म्हणतेस ना, "कंपनी नहीं, अपना गाना, अपना जुगाड़," ते आमच्या पाऱ्यात तेव्हाच होऊन गेलं. आम्हाले नाव माहीत नव्हतं एवढंच.

आमची शेजारीण प्राथमिक शाळेत शिकवायची. माणसं इथलीच, छत्तीसगढी घरातली. नळावर भांडी घासता-घासता आपलीच गाणी गायची. स्वतः रचलेली. गॅसचं सिलेंडर येत नाही त्याच्यावर गाणं, नळाले पाणी येत नाही त्याच्यावर गाणं, सासूचा चष्मा हरवला त्याच्यावर गाणं. आवाज असा, की माझं वरण उतू जायचं आणि मी खिडकीत उभी. एक दिवस तिनं ठरवलं, कॅसेट काढायची. ओळखीच्याच एका माणसानं घरातल्या खोलीत भिंतींले गाद्या लावून स्टुडिओ केला होता. पंख्याचा आवाज येते म्हणून पंखा बंद. ती घामानं चिंब होऊन गायची, मी बाहेर चहाचा थर्मास घेऊन बसायची. गाणी झाली तेव्हा म्हणाली, "दीदी, कवर आप ही करो. कपड़ा भी, फोटो भी."

मले तर काय, पंख फुटले.

तिले जुन्या बायांसारखं नेसायचं होतं. पण ती शहरातली पोरगी, सलवार-सूटात वाढलेली. तिले ते येत नव्हतं. म्हणाली, "आपको आता है न दीदी?" मी म्हटलं, "येते म्हणजे? डोळे मिटून येते." माझ्या आईचं हिरवं लुगडं काढलं आणि नेसवून दिलं. माझ्या हातांले एकच जुनं नेसणं माहीत, आईचं, नागपूरकडचं. हात आपोआप चालले. निऱ्या घातल्या, मागे कासोटा खोचला, घट्ट, असा की पळाली तरी सुटणार नाही. तिले वाटलं दीदीले माहीत आहे. मले वाटलं जुनं ते जुनं, त्यात काय इकडचं आणि तिकडचं.

तेलीबांध्याच्या तळ्यावर गेलो. तेव्हा तिथं म्हशी बसायच्या आणि अर्धं तळं जलकुंभीनं भरलेलं. मी तिले सिनेमाच्या पोस्टरावरच्या हिरॉइनीसारखं उभं केलं, पाठ माझ्याकडे आणि मान मागे वळवून. सूर्य समोर. तोंड काळं आलं. जे स्वच्छ दिसायले पाहिजे होतं ते अंधारात गेलं, आणि मधोमध काय, तर कासोटा. तू त्याले सिल्हूट म्हणतेस. आमच्याकडे त्याले फोटो बिघडला म्हणायचे. पण रोल संपला होता, छापणाऱ्याले घाई होती, तोच गेला.

कॅसेटीचे खोके घरी आले. आम्ही सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. तिचा नवरा म्हणाला, "बढ़िया है." तुझे आजोबा म्हणाले, "मुंडकं तरी आलं आहे या वेळी." कोणाच्या ध्यानात काही आलं नाही. मग कोण्या लग्नासाठी गावाहून तिची फूफू आली, म्हणजे आत्या. म्हातारीनं कॅसेट डोळ्यांजवळ धरली, कासोट्यावर बोट ठेवलं आणि पोट धरून हसायले लागली. "ए दाई! ए तो मराठिन ए!"

घरात सगळे हसले. मीही हसली. पण ते घरात राहिलं नाही ना. दुकानात लोक मागायचे, "वो मराठिन वाला कैसेट देना." मोहल्ल्याच्या कार्यक्रमात माइकवाल्यानं तिले हाक मारली, "अब आ रही हैं हमारी मराठिन बहिनी." आणि ती तर स्टेजवर आपल्या बोलीत गाऊन राहिली होती! दिवसच तसे होते. नवं राज्य झालं तेव्हा जो तो विचारायचा, तू इथला की बाहेरचा. आम्हाले विचारायचे ते समजू शकते, आमची मुळं तिकडची. तिले विचारून राहिले होते.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात आली. बसली नाही. म्हणाली, "दीदी, आपसे कोई पूछेगा तो आप नागपुर बोल दोगी. मैं क्या बोलूँ? मेरा तो यही है."

मी चहा ठेवला. ती उभ्यानंच प्यायली, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेली. संध्याकाळी पुन्हा आली, सोबत फूफू. फूफूच्या काखेत तिचं स्वतःचं लुगडं. मले म्हणाली, "खड़े हो." व्हरांड्यात मले उभं केलं आणि माझ्याच अंगावर नेसवून दाखवलं. आपल्यासारखा मागे घट्ट कासोटा नाही. आखूड, पिंढऱ्या दिसतील इतकं. गाठ वेगळी, पदराची वाट वेगळी. मी तिच्या तोंडाकडे पाहून समजायचा प्रयत्न करायची तर हातावर चापट मारे, "मुँह ला झन देख, हाथ ला देख." चुकली की सोडायची, पुन्हा लावायची. ती शेजारीण पायरीवर बसून पाहून राहिली होती आणि हळूहळू तिले हसू यायले लागलं. मी असली फजीत झालेली तिनं कधी पाहिली नव्हती. जाताना फूफू ते लुगडं माझ्याजवळच ठेवून गेली. दुसऱ्या कॅसेटीसाठी.

ठरलं होतं ना तसं. पुढच्या कॅसेटीले बरोबर नेसलेला फोटो लावू.

पुढची कॅसेट झाली नाही. सीडी आल्या, कॅसेटीची दुकानं मोबाइलची झाली, गाणी फुकटात एका फोनातून दुसऱ्या फोनात जायले लागली. तिच्या नवऱ्याले सिलतऱ्याच्या कारखान्यात काम मिळालं, ते तिकडे राहायले गेले. आम्ही इकडे समता कॉलनीत आलो. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता बोलते ते तोंडावर रुमाल ठेवून बोलल्यासारखं. दर वर्षी म्हणायचो, नुसता फोटो तरी काढू, घरीच, कॅसेट नसली तर नसली. कधी तिचे पाहुणे, कधी माझे गुडघे. मग तुझे आजोबा गेले आणि मी कॅमेऱ्याले हातच लावला नाही. फूफू तर केव्हाची गेली.

ती आता पोराच्या फ्लॅटात राहते, तेलीबांध्यालेच. गॅलरीतून तेच तळं दिसते. आता त्याले कठडा आहे, रंगीत दिवे आहेत, संध्याकाळी गर्दी. मले म्हणते, "दीदी, अपनी वाली जगह पर अब मोमो मिलता है."

तू तो फोटो पाठवला तेव्हा मी खुशीनं ऑटो करून तिच्याकडे गेली. म्हटलं, दाखवू, इतक्या वर्षांनी लोक पाहून राहिले. ती चष्मा लावून खालचं वाचत गेली. कोणी बदाम टाकलेले, कोणी जुने दिवस म्हणून रडलेलं. आणि खाली एकानं विचारलं होतं, ही मराठी गायिका कोण? तिनं फोन माझ्या हातात परत दिला. "अब भी मराठिन," म्हणाली, आणि हसली. तिच्या हसण्याले आता आवाज नाही. खांदे हलतात नुसते.

लिफ्टमध्ये मी एकटी होती. तिथं ठरवलं. थकली आहे मी पोरी, खरंच थकली. जे-जे आम्ही वापरून टाकून दिलं ते तुम्ही शोधून आणता आणि त्याले सुंदर म्हणता, ते ऐकूनही थकते. जुना कॅमेरा सुंदर, जुनी कॅसेट सुंदर, चुकलेला फोटो सुंदर. तू म्हणालीस, "आजी, गलती में ही तो वाइब है." असेल. तुले ती चूक शोभेल, कारण तुझी नाही ती. आणि तुझा तर कासोटाच खरा, तू माझ्या आईची पणती. घे, नेस, मिरव. पण तिचा बरोबर फोटो एकदा निघाला पाहिजे. तो तिथंच टाक, त्या जुन्याच्या शेजारी, आणि खाली लिही की ही बाई इथली आहे. तिनं मागितला नाही. ती मागणारही नाही. पण निघायच्या आधी मी विचारलं होतं, काढायचा का? तर म्हणाली, "अब इस मुँह का क्या फोटो." आणि थोड्या वेळानं, मी चपला घालत होती तेव्हा, "लुगरा है अभी तक?"

आहे. फूफूच्या लुगड्याची घडी उलटून-पालटून ठेवते. गच्चीवर वाळवत नाही, कारखान्यांची काजळी बसते, काळी होऊन येते. खोलीतच दोरी बांधून वारा देते.

कठीण आहे ते माझ्या हातांचं. बोटं वळत नाहीत. सकाळी कपाचा कान धरायले दोन हात लागतात. फूफूचं ते नेसणं आता माझ्याशिवाय कोणाले माहीत नाही आमच्यात. तिलेही नाही, तिनं त्या दिवशी पायरीवरून पाहिलं फक्त. तुले फोनवर शिकवून पाहिलं, आठवते ना? ओढणी गुंडाळता-गुंडाळता तू फोनच पाडला आणि मग अर्धा तास मी तुझ्या पंख्याकडे पाहून राहिली. ते असं होत नाही. मी तुझा हात धरीन, तू कपडा धर, ती उभी राहील. चुकली तर चापट बसेल, फूफूची बाकी आहे माझ्याकडे.

उजेड तिच्या तोंडावर पडू दे मात्र. आणि पाठ नको. समोरून.

तर ते "अगले महीने" म्हणू नको आता. आम्हीही पुढची कॅसेट, पुढची कॅसेट म्हणत राहिलो. गाडीत बसली की फोन कर, मी तिले निरोप देते, आधी नाही, नाहीतर ती केस रंगवायच्या फिकिरीत पडेल. तुझा तो रोलवाला कॅमेरा आण. तुझ्यासाठी हिरवं लुगडं काढून ठेवलं आहे, तिचं दोरीवर आहे. ये लवकर.