पहिली हाक त्याची

सुदाम कुबलला हाक मारायची तर दोनदा मारावी लागे. पहिल्या हाकेला तो ओ देत नसे.

कतरमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या कामगारांच्या त्या खोलीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. "सुदाम, चहा!" असं कुणी ओरडलं तर त्याची मानही वर होत नसे. पुन्हा "सुदाम!" म्हटलं की तो लगेच "ओ" म्हणे, जणू आत्ताच ऐकलं. शेजारच्या खाटेवर धनाजी असायचा. तो जालन्याचा, पाण्याचा टँकर चालवणारा.

"याचा स्टार्टर वीक आहे," धनाजी म्हणायचा. "पहिल्या सेल्फला उठतच नाही गडी. ढकलायला लागतं."

सुदाम हसायचा. खुलासा करायचा नाही. कतरमध्ये खुलासा फक्त हमजाला माहीत होता, आणि हमजाला तो सांगणं भागच होतं.

सुदामचं गाव देवगडच्या दक्षिणेला, खाडीच्या मुखाशी. त्याच्या पणजोबांचे आजोबा फतेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, खलाशी होते. त्यांचंही नाव सुदाम. दिवाळी झाली की फतेमारी साग, तांदूळ आणि काथ्या भरून बसऱ्याला जायची आणि पावसाच्या आधी खजूर घेऊन परतायची. एका वर्षी बाकीच्या आल्या, ती आली नाही. दुसऱ्या फतेमारीच्या तांडेलाने एवढंच सांगितलं की कतरच्या टोकापाशी उत्तरेचा वारा सुटला. संध्याकाळी त्यांचं शीड दिसत होतं. सकाळी दर्या रिकामा होता.

त्या काळी गोऱ्यांचं जहाज बुडालं तर त्याची बातमी छापून येई, विम्याची माणसं चौकशीला येत. फतेमारी बुडाली तर काहीच होत नसे. ती कुठे बुडाली हेही कुणी लिहून ठेवत नसे. जे काही उरे ते घरात उरे.

सुदामच्या घरात हाक उरली. त्या खलाशाच्या बायकोने ना कुंकू पुसलं ना पिंड पाडू दिला. रोज दिवेलागणीला ती खाडीच्या तोंडाशी जाई आणि दर्याकडे तोंड करून एकच हाक मारी. "त्याची ओ आली की तो सुटला समजा, मग क्रियाकर्म करा," ती म्हणे. ओ आली नाही. ती मेली, तिच्या सुनेने हाक पुढे चालवली. मग तिच्या सुनेने. दर पिढीत एका मुलाचं नाव सुदाम ठेवायचं, म्हणजे नाव घरातून जाणार नाही. आणि त्या मुलाला समज आली की पहिली गोष्ट ही शिकवायची. सुदामची आई केसरबाई त्याला म्हणाली होती,

"पयली हाक तेची. दुसरी तुजी. तेच्या हाकेक तू ओ दिलंस तर तेची जागा तुका घेवची लागतली."

तेवढं पुरलं. चार वर्षांच्या पोराला कळलं होतं की ती जागा पाण्याखाली आहे.

पण पोट पाण्यातच होतं. लहानपणी तो अडकलेली जाळी सोडवायला बुडी मारायचा. पुढे मुंबईत पाणबुड्याचं काम शिकला, गोव्यात जहाजांचे तळ घासले, आणि मग कतरला एका लहानशा ठेकेदाराकडे आला. रास लफान बंदराच्या उत्तरेला समुद्रात बोये, म्हणजे जहाजांसाठीच्या तरंगत्या खुणा, बसवायचं काम होतं. बार्जवरून खाली उतरायचं. डोक्यावर हेल्मेट, मागे नाळ. हवेची नळी, बोलण्याची तार आणि दोर एकत्र बांधलेल्या त्या जाड दोरखंडाला सगळे नाळच म्हणत. वर बसलेला सुपरवायझर दर थोड्या वेळाने हाक मारतो. पाणबुड्याने तत्काळ उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर खाली काहीतरी झालंय असं समजायचं.

सुपरवायझर हमजा होता, दाभोळचा. पहिल्याच दिवशी त्याने हाक मारली आणि तारेतून नुसता श्वास ऐकू आला. दुसरी मारली, तेव्हा "ओ" आलं. सुदाम वर आल्यावर हमजाने त्याचं हेल्मेट काढलं आणि भर डेकवर झापलं.

"मेलास की काय समजलो मी! कान आहेत की शिंपले?"

"हमजाभाई, पहिली हाक माझी नसते."

"मग काय माझ्या सासऱ्याची असते?"

सुदामने सांगितलं. हमजा हसेल असं त्याला वाटलं होतं. हमजाच्या घरातले तीन पुरुष दर्यात गेले होते. तो हेल्मेट खाली ठेवून दर्याकडे वळला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी दोनदा मारीन. पण साहेबाच्या कानावर घालू नकोस."

असं दोन वर्षं चाललं.

मग बोयाच्या जागेजवळ तळाशी एक ढीग सापडला. आधी तळ तपासायच्या यंत्रावर दिसला, नंतर सुदामने उतरून पाहिला. नदीतले असावेत तसे गोल गुळगुळीत धोंडे. जहाजाच्या तळाशी वजनाला भरतात तसले. त्यांच्यामधून काळ्या लाकडाचे खुंट वर आलेले, बरगड्यांसारखे. काम थांबवून वर कळवण्यात आलं. पुराणवस्तू खात्याची माणसं येईपर्यंत ढिगाला हात लावायचा नाही, भोवती दोर बांधून हद्द आखायची, असा निरोप आला. दोर बांधायला सुदामच उतरला.

त्या दिवशी सकाळी वारा पडला होता. दुपारी वारा फिरला. उत्तरेचा वारा, अचानक आलेला. बार्ज आपल्या नांगराभोवती थोडी वळली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

खाली पाणी गढुळलेलं होतं. सुदामने ढिगाभोवती तीन बाजूंनी दोर ओढला. चौथ्या बाजूला वाळूत काहीतरी सपाट दिसलं. त्याने हाताने वाळू सारली.

पाटा होता. मसाला वाटायचा पाटा. मध्ये वाटून वाटून खोलगट झालेला, एक कोपरा उडालेला. जवळच वरवंटा पडलेला होता, कुणी आत्ताच बाजूला ठेवावा तसा.

अरबांच्या घरात पाटा नसतो. सुदामला हे कळत होतं. अशा कितीतरी फतेमाऱ्या या पाण्यात बुडाल्या असतील, हेही कळत होतं. तरी त्याने हात लावला. हातमोज्यातला तळवा त्या खळग्यात बरोबर बसला.

मग डोकं जड झालं. त्रास असा नव्हताच. उलट बरं वाटत होतं, दुपारी जेवून माजघरात आडवं व्हावं तसं. वाळू मऊ होती. तारेतून हमजाचा आवाज आला.

"सुदाम!"

ही त्याची, सुदामने मनात म्हटलं. त्याने ओठ मिटून घेतले आणि दुसरीची वाट पाहू लागला.

दुसरी हाक आली नाही.

शुद्धीवर आला तेव्हा तो डेकवर होता, तोंडावर प्राणवायूचा मास्क. वर पांढरं आभाळ. हमजा त्याच्या छातीशी गुडघे टेकून बसला होता, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

कारण त्याच संध्याकाळी सापडलं. वारा फिरला, बार्ज वळली आणि जनरेटरचा धूर थेट हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या तोंडात गेला. त्यातला विषारी वायू नाळेतून खाली जात होता. त्याला वास नसतो. माणसाला झोप येते, आणि तो झोपतो. गोरा साहेब ठेकेदारावर ओरडला, कॉम्प्रेसरची जागा बदलली, सगळं रीतसर झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर हा माणूस उठला नसता.

हॉस्पिटलमध्ये हमजा डब्यात पेज घेऊन आला. तो खुर्चीवर बसला आणि डबा उघडायचं विसरला.

"वर कसं कळलं तुम्हाला?" सुदामने विचारलं.

"तू नेहमीसारखा गप्प राहिला असतास तर कळलं नसतं. मी दुसरी हाक मारली असती. मग दोर हलवून पाहिला असता. तेवढ्यात तू गेला असतास."

"मग?"

"पहिल्या हाकेला ओ आली," हमजा म्हणाला.

सुदामने उशीवरून मान उचलली.

"दोन वर्षांत तू कधी दिली नाहीस. माझ्या हातातलं सगळं गळालं. मी ओरडलो, राखीव बाटलीची हवा लावा, दुसरा माणूस खाली सोडा. सगळे माझ्याकडे बघतायत. म्हणतात, हमजाभाई, त्याने उत्तर दिलं की. मी म्हटलं, म्हणूनच सोडा."

"हमजाभाई, मी हाक ऐकली होती," सुदाम म्हणाला. "मी ओ दिली नाही. तोंड मिटून पडलो होतो."

"ते तुला वाटतं. धूर चढला होता तुला."

शेवटी डबा सुदामनेच उघडला.

त्याने घरी फोन केला. केसरबाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं,

"आवाज तुजो हुतो?"

"ठावक नाय, आये."

"ठावक नाय म्हणान चलाचा नाय. तेणा दिली असात तर तो सुटलो. तुया दिलंस तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "यंत्रात आवाज ऱ्हवता मां? आयक. आणि माका सांग. तवसर पाण्यात पाय घालू नको."

पाणबुड्याचं वर-खालचं बोलणं सगळं रेकॉर्ड होतं, हे तिला त्यानेच कधीतरी सांगितलेलं.

हॉस्पिटलमधून खोलीवर आल्यावर सुदाम चार दिवस टाळत राहिला. धनाजीने त्याला दोनदा हाक मारली, स्टार्टरवरून चिडवायला गेला आणि आजारी माणूस म्हणून जीभ चावली. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, नमाज आटोपून हमजा गाडी घेऊन आला. दोघं गाडीतच बसले. बाहेर ऊन रणरणत होतं. शेजारच्या मळ्यावर आणलेल्या खताचा वास येत होता. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग हमजाने मोबाइलवर घेतलं होतं; तो त्याने मध्ये ठेवला.

आधी खरखर. मग श्वास, जड, लांब. मग हमजाचा आवाज: "सुदाम!"

आणि लगेच: "ओऽऽ."

लांबवलेली. तोंडाशी हाताची ओंजळ धरून एका होडीवरून दुसऱ्या होडीला देतात तशी.

सुदामने पुन्हा ऐकलं. पुन्हा. आवाज ओळखीचा वाटेना, आणि परकाही वाटेना. आपला आवाज असा बाहेरून ऐकला की कुणाला तो आपला वाटतो?

"माझा असेल," तो म्हणाला. "हमजाभाई, माझाच असेल. मीच दिली."

"आवाज ऐकू नकोस," हमजा म्हणाला. "मी पण आधी तेच करत होतो. श्वास ऐक."

त्याने आवाज वाढवला. हेल्मेटमधला श्वास, सुदामचा. आत जाणारा. हमजाची हाक आली तेव्हा श्वास आत जात होता. ओ आली तेव्हाही आतच जात होता, हळूहळू, न तुटता, झोपलेल्या माणसासारखा. ओ संपली तरी तो आत जातच होता. मग एकदाचा बाहेर पडला.

"श्वास घेता घेता ओ देऊन दाखव मला," हमजा म्हणाला.

सुदामने श्वास आत घेतला. घेता घेता तोंड उघडलं. काहीच उमटलं नाही.

हमजाने मोबाइल उलटा करून ठेवला. गाडीचा एसी चालू होता, तरी दोघांनी काचा खाली केल्या.

आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. ज्याला तिने, तिच्या सासूने, सासूच्या सासूने कधी पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी घरचं माणूस गेल्यासारखी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "खय निजान ऱ्हवलेलो बापडो." अमावास्येला सुदामच्या चुलतभावाने खाडीच्या तोंडाशी पिंड ठेवला. सुदामने तो फोनवर पाहिला. भरती आली आणि केळीचं पान उचलून घेऊन गेली. त्या दिवशी दिवेलागणीला घरातून कुणी खाडीकडे गेलं नाही.

नंतर फोनवर त्याची बायको बबीता आली. तिला सातवा महिना होता.

"म्हणजे आता मुलगा झाला तर सुदामच ठेवायला नको ना?"

"नको."

"मग माझं ठरलंय. सांगणार नाही. तुमची आई मोडता घालतील."

मागून केसरबाईचा आवाज आला, "आयकलंय गो मी."

महिन्याभराने डॉक्टरांनी सुदामला पाण्यात जायची परवानगी दिली. ढिगाभोवती आता पिवळ्या दोराची हद्द होती. बोयाची जागा तिथून थोडी दूर सरकवली होती. सुदाम उतरला. पाणी त्या दिवशी निवळ होतं. दोराच्या पलीकडे खुंट दिसत होते आणि त्यांच्या पायथ्याशी पाट्याची कड. तो तिकडे गेला नाही. आपलं काम करत राहिला.

"सुदाम!" तारेतून हमजाने हाक मारली.

सुदामचे ओठ सवयीने मिटले. ही त्याची, असं मनात आलंसुद्धा. तो थांबला. दुसरी हाक येणार नव्हती, हे वरच ठरलं होतं. त्या एवढ्याशा थांबण्यात आजवर कुणीतरी उभं असायचं. लहानपणापासून, प्रत्येक हाकेला, त्याच्या एक पाऊल पुढे, दर्याच्या बाजूला.

त्याने समोर पाहिलं. पाणी आणि पाणी.

"ओ," सुदाम म्हणाला.