सकाळचा पहिला किती वाजता?

आमच्या सिस्टर-रूममध्ये चहाची साखर महिन्याला दोनदा संपते, पण किस्से काही संपत नाहीत. एक सांगून होत नाही तोवर दुसरी म्हणते, "हे काहीच नाही, माझ्या ड्युटीला काय झालं ऐक!" मी सांगलीतल्या एका हॉस्पिटलात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाची इनचार्ज आहे. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, पेशंटचंही विचारू नका. बाकी सगळं सांगते.

दारूनं माणूस मरतो, हे मला शाळेपासून माहीत होतं. दारू एकदम बंद केल्यावरही मरू शकतो, हे नोकरी लागल्यावर कळलं आणि मी थक्कच झाले! वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस अचानक थांबला, की आधी हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. कुणाला फिट येते. आणि दोन-तीन दिवसांनी काही जण चक्क दुसऱ्याच जगात जातात. आमच्या वॉर्डात त्याला नुसतं 'तिसरा दिवस' म्हणतात.

उपाय आहेत, आणि चांगले आहेत. पेशंटला हात पुढे करायला लावायचे, बोटं पसरायला सांगायची, थरथर बघायची. नाडी, घाम, आज वार कोणता, भिंतीवर काही चालताना दिसतंय का, सगळ्याला मार्क द्यायचे. मार्क वाढले की औषध वाढवायचं, आणि ग्लुकोज लावायच्या आधी थायमिनचं, म्हणजे बी-वन व्हिटॅमिनचं, इंजेक्शन. वेळेवर कळलं तर बहुतेक माणसं आठवड्याभरात आपल्या पायांनी घरी जातात. पण कळलं तर! कारण सांगत कुणीच नाही. इथं माणसाचा जीव एका प्रश्नाच्या खऱ्या उत्तरावर टांगलेला असतो.

* * *

साताऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार. छातीत कफ झाला म्हणून आले. मिशा अशा, की मीच आधी उभी राहिले!

"सुभेदारसाहेब, दारू घेता?"

"दारू? आयुष्यात शिवलो नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला साहेब कॉटवर उभे! "सावधान!" आवाज एवढा खणखणीत, की चार नंबरचे शुगरवाले काका सलाईनचा स्टँड हातात धरून ताठ उभे राहिले. सहा नंबरचा पोट धरून उभा राहिला. आमचे ज्युनिअर डॉक्टर दारातून आत आले, तर त्यांच्यावर तोफ, "शेव क्यों नहीं किया?"

डॉक्टर इतके दचकले की म्हणाले, "कल से करूँगा, साहब!"

सगळा वॉर्ड हसत होता. मी नाडी बघितली, एकशे चाळीस. अंगावरचा शर्ट पिळून काढावा इतका ओला. माझं हसू तिथंच विझलं. इंजेक्शन दिलं, पडदे ओढले, वॉर्डातला गोंगाट बंद केला. दोन दिवसांनी साहेब शुद्धीवर आले तेव्हा मी जाब विचारला, "आयुष्यात शिवलो नाही म्हणालात ना?"

"बरोबरच आहे," साहेब म्हणाले. "मी कॅन्टीनची रम घेतो."

ज्युनिअर डॉक्टर मात्र तेव्हापासून रोज गुळगुळीत दाढी करून येतात.

* * *

माधवनगरचा एक कामगार होता, पॉवरलूमवर तीस वर्षं काढलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी हा कॉटवर बसून हवेत बोटं फिरवायला लागला. काहीतरी चिमटीत धरायचा, पीळ द्यायचा, सोडायचा, पुढचं धरायचा. माझ्या बाहीतूनही त्यानं दोन-तीन टोकं ओढून घेतली. मला बाजूला व्हायचं सुचेना!

त्याची बायको पायथ्याशी उभी. मी घाबरून विचारलं, "हे काय करतायत?"

ती शांत. "तुटल्यालं सूत जोडत्यात. जोडू द्या सिस्टर, न्हाईतर माग थांबंल."

मी औषध भरायला वळले. मागं बघते तर बाई कॉटवर त्याच्यासमोर बसलेली, हवेतच दुसरं टोक धरून! तो जोडायचा, ती सोडायची. तो जोडायचा, ती सोडायची. जरा वेळानं ती म्हणाली, "झालं बगा, शिफ्ट संपली." त्यानं हात पुसले, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले.

एवढ्यात आमचे मोठे सर आले. बघून खूश झाले. "छान शांत झालाय. किती डोस दिलास?"

माझ्या हातात सिरिंज तशीच भरलेली होती!

(नंतर दिली हो. नुसत्या बायकोवर भागत नाही, रोग मोठा असतो.)

* * *

आता ज्या गोष्टीनं मला नियम शिकवला, ती.

वाईचे एक हेडमास्तर, मुलीकडे सांगलीला आलेले. ताप आणि थरथर. त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, विचारलं तर त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले. "आमच्यात असलं काही चालत नाही." झालं! मलेरियाची टेस्ट, डेंग्यूची टेस्ट, मेंदूचा फोटो. मास्तर मात्र चादरीवरचे नसलेले मुंगळे वेचतायत!

बाई चहाला खाली गेल्या. मी सहज, म्हणजे अगदी भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "सर, सकाळचा पहिला किती वाजता?"

"पावणेसातला," मास्तर म्हणाले. "चहाच्या आधी. खोकल्याच्या बाटलीतून."

"बाईंना माहीत नाही?"

"वा! बाटली भरून तीच ठेवते."

मी खुर्चीत बसलेच! आमच्या मोठ्या सरांना फोन केला, औषध सुरू झालं, मास्तर वाचले. बाईंनी जाताना मला पेढे दिले आणि माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

तेव्हापासून आमच्या वॉर्डाचा नियम असा. नातेवाईक पडद्याबाहेर. 'घेता का' असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर 'नाही' असंच येतं. सरळ विचारायचं, 'सकाळचा पहिला किती वाजता?' ज्याला लागत नाही तो गोंधळून 'पहिला काय?' म्हणतो. ज्याला लागतो तो वेळ सांगतो. रहिमतपूरची सुजाता नवीन स्टाफ म्हणून आली, तेव्हा तिनं अख्ख्या खानदानासमोर एकाला "दारू पिता का?" विचारलं. मी तिला अशी झाडली की ती चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन रडली.

घरी मी हे सगळं नानांना सांगायचे. नाना म्हणजे माझे वडील, रिटायर्ड पोस्टमास्तर. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात. सुभेदारांच्या किश्शाला ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हेडमास्तरांच्या किश्शाला नुसते म्हणाले, "बाई चांगली म्हणायची."

* * *

माण तालुक्यातले तीन सख्खे भाऊ. मेंढरं राखणारे, तिघंही पहाडासारखे. घटस्थापनेला आईनं तिघांना देवीपुढं उभं केलं, भंडारा उचलायला लावला, आजपासून थेंब घ्यायचा नाही. आणि पोरं इमानी! खरंच थांबली. चौथ्या माळेला एकाच जीपमधून तिघंही आमच्याकडं. एकाला रस्त्यातच फिट आलेली, दुसरा जीपच्या टपावर लांडगा बसलाय म्हणून ओरडतोय, तिसरा त्या लांडग्याला दगड मारतोय!

सरांनी तिघांना शेजारी-शेजारी कॉट दिल्या आणि म्हातारीला समजावलं, "आजी, सोडायचीच आहे. पण इतक्या वर्षांची सवय अशी एकदम तोडली तर शरीर उलटतं. औषधावर, डॉक्टरच्या नजरेखाली सोडवायची."

म्हातारीनं तिघांच्या अंगावरची पांघरुणं नीट केली. मग हळूच म्हणाली, "आवं डाक्टर, मग देवीला बी ह्ये म्हाईत न्हवतं व्हय?"

सरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि धाकट्याची छाती तपासायला घेतली. 

तिघंही बरे झाले. त्यांतला धाकटा अजून दर महिन्याला तपासायला येतो, आणि येताना लोकरीचं काहीतरी घेऊन येतो. सांगलीच्या उन्हात!

* * *

हा पुढचा सांगताना मला हसू येत नाही.

उसाची चांगली बागायत असलेलं घर. एकोणतीस वर्षांचा मुलगा, कावीळ झाली म्हणून ॲडमिट. त्या दिवशी मी रजेवर होते आणि गर्दी होती. फॉर्म भरणाऱ्यानं पडद्याबिडद्याच्या भानगडीत न पडता वडिलांनाच विचारलं. वडील छाती पुढं काढून म्हणाले, "माझा पोरगा सुपारी बी खात न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या रांगेत पोराला फिट आली. फरशीवर डोकं आपटलं, मेंदूत रक्त. सोळा दिवस आयसीयू. जगला. पण उजवा हात अजून नीट उचलला जात नाही.

मी त्या बापाला कॉरिडॉरमध्ये गाठलं. सगळ्यांसमोर ओरडले, "माहीत होतं ना तुम्हाला? खोटं बोलून मारलं असतंत पोराला! बाप आहात का कोण आहात?"

तो मोठा, धिप्पाड माणूस खाली बघत उभा. म्हणाला, "व्हय, म्हाईत हुतं. पर तितं पावणं उभं हुतं. त्याच्या सोयरिकीचं."

मला आणखीच संताप आला. पाहुणे उभे होते म्हणून! एवढ्याशा शब्दापायी! मी आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटले की असली माणसं मला कळतच नाहीत. घरी नानांनाही सांगितलं. त्या रात्री ते ताटावरून लवकर उठले.

* * *

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नानांना न्यूमोनिया झाला. धाप लागली होती, ओठ निळसर. मी त्यांना आमच्याच वॉर्डात आणलं, खिडकीजवळची कॉट दिली. ऑक्सिजन लागला तसे ते जरा सावरले. मी युनिफॉर्ममध्येच होते, उशाशी उभी. सुजाता फॉर्म घेऊन आली. नाव, वय, ॲलर्जी, आधीचे आजार, सगळं मीच धडाधड सांगत होते. पुढचा रकाना व्यसनाचा.

तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "व्यसन काही नाही. 'नाही' लिही."

सुजाताचं पेन थांबलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, नानांच्या हातांकडे बघत होती. नानांनी दोन्ही हात चादरीखाली घेतले.

"सिस्टर," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही जरा पडद्याबाहेर थांबता?"

"अगं, मला काय बाहेर काढतेस? मी काय नातेवाईक आहे?" मी हसत म्हणाले. सुजाता हसली नाही. तिनं पडदा एका हातानं धरून ठेवला, मी बाहेर जाईपर्यंत.

एवढ्या वर्षांत मी शेकडो माणसांना त्या पडद्याबाहेर उभं केलं असेल. तिथून आतलं सगळं ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.  समोर चार नंबरच्या पेशंटची बायको उभी होती, ती मला बाकावर सरकून जागा करून देत होती.

आत सुजातानं विचारलं, "नाना, सकाळचा पहिला किती वाजता?"

नाना 'पहिला काय?' म्हणतील म्हणून मी थांबले. जीव कानात आणून थांबले.

"साडेसातला," नाना म्हणाले. "पोरगी ड्युटीवर गेली की."

"शेवटचा कधी घेतला?"

"परवा. ताप आला तवापास्नं उठताच आलं न्हाई."

परवा! म्हणजे उद्या तिसरा दिवस. आतून पेनचा आवाज येत राहिला. मग सुजाता म्हणाली, "बरं झालं सांगितलंत नाना. आता काळजी नाही, आजच औषध सुरू करू. हात पुढे करा बघू. बोटं पसरा."

 मग नानांचा आवाज आला, लहान मुलासारखा.

"बाळ, आमच्या पोरीला सांगू नगंस हं. तिला ठावं हाय. पर सांगू नगंस."