चौदा कुंड्यांची चिलटं

चार दिवस आभाळ नुसतं दाटलेलं, पडत काहीच नव्हतं. हवा न पिळलेल्या फडक्यासारखी. अशा सकाळी घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, श्वास रोखून चिमट्याने मिनिटकाटा उचलला, आणि नेमकं एक चिलट भिंगात शिरलं. भिंगातून ते म्हशीएवढं दिसलं. हात हलला, काटा वाकला.

"ताई!"

ताई ही त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर गेल्याच महिन्यात दोन ट्रंका आणि चौदा कुंड्या घेऊन भावाकडे आलेली. ट्रंका माळ्यावर गेल्या, कुंड्या त्याच्या कामाच्या टेबलालगतच्या खिडकीत. घरात उजेडाची खिडकी ती एकच.

परवा तर कहरच झाला होता. एक मास्तरीणबाई दुरुस्त करून नेलेलं घड्याळ परत घेऊन आल्या. काचेच्या आत, सहाच्या आकड्यावर, चिलट पाय वर करून मेलेलं. "वेळ बरोबर दाखवतंय हो," बाई म्हणाल्या, "पण हा भाडेकरू कोणी ठेवला?" तीस वर्षांत त्याच्या कामाला असं कोणी हसलं नव्हतं.

"पंधरा दिवस देतो," तो ताईला म्हणाला. "नाहीतर कुंड्या गच्चीवर."

"गच्चीवरच्या उन्हात झाडं करपतील."

"करपू देत!"

धूर करून झाला होता, फवारा मारून झाला होता. उडणारी मरायची, दुसऱ्या दिवशी तेवढीच पुन्हा हजर. त्या दिवशी वैतागून त्याने भिंगच कुंडीत खुपसलं. वरच्या ओल्या मातीत दोऱ्यासारख्या पांढऱ्या अळ्या, काळ्या डोक्याच्या, वळवळत होत्या.

"कारखाना इथं आहे, आणि आपण माल मारत बसलोय!"

मग कायदा झाला. दोन पेरं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही; तेही खालच्या ताटलीत. प्रत्येक कुंडीत पिवळ्या पुठ्ठ्याचा तुकडा, वर वंगणाचा हात. चिलटं पिवळ्यावर धावतात आणि चिकटतात.

"तहानलेल्या लेकरांसमोर पाणी पिणं बरं दिसतं का?" ताई कुरकुरली.

"लेकरं कसली? बाळंतखोली आहे ती चिलटांची!"

अकराव्या दिवशी तेरा पुठ्ठे जवळजवळ साफ. चौदाव्यावर मात्र मोहरी शिंपडावी तशी चिलटं. ती कुंडी टेबलाच्या अगदी कडेला होती. घड्याळजीने बोट खुपसलं. माती चिंब.

"चोरून पाणी घालतेस! उद्याच सगळ्या वर जातील."

अंबाड्यातला आकडा काढून ताईने माती उकरली. आकड्याला चहाचा चोथा लागून आला.

"मी चहा पिते का रे, बाळ्या?"

घड्याळजीची नजर टेबलावरच्या कपाकडे गेली. कपाच्या तळाचे दोन घोट न बघता डावीकडे भिरकावायचे आणि कामाला लागायचं, ही तीस वर्षांची सवय. तेव्हा खिडकी मोकळी होती, चोथा थेट बाहेरच्या गटारात जायचा.

"या खिडकीत आता माझं काहीतरी आहे," ताई म्हणाली, "हे तुझ्या हाताला कळलेलं नाही अजून." तिचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्याला कोणावर तरी खेकसायचं होतं आणि कोणी सापडत नव्हतं. त्याने त्या कुंडीची वरची माती खरवडून पिशवीत बांधली आणि वर कोरड्या वाळूचा थर दिला. तेवढ्यात एक चिलट त्याच्या नाकावर येऊन बसलं.

"जातील कधी ही?"

"तीन आठवडे तरी लागतील. आजपासून मोजायचे," ताई म्हणाली. "आणि गच्चीचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत, बाई."

कप उचलून तो मोरीवर गेला, विसळून पालथा घातला. मग टेबलाशी बसून दुरुस्तीला आलेल्या एका भिंतीवरच्या घड्याळातला फुटलेला सेल काढला, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने आतला गंज घासू लागला.