साहेबांची अट आणि चाचांची शीग

वाळूजच्या कंपनीत मी नोकरीला होते, तेव्हा सप्लायरच्या यादीत कुणाचं नाव राहील आणि कुणाचं जाईल, हे ठरवण्यात माझाही थोडा हात असायचा. साहेब पुण्याचे. ते नावावर लाल रेघ मारायचे. रेघ मारण्याआधी लुनावर धूळ खात जाऊन बघून यायचं काम माझं. त्या हिवाळ्यात रेघेच्या तोंडाशी एकच नाव होतं, चिकलठाण्याच्या चाचांचं. त्यांच्याबद्दल तक्रारी दोनच: माल मापात नसतो आणि वेळेवर नसतो. सप्लायरबद्दल याहून तिसरी तक्रार उरतेच कुठं?

माझ्या घरी या नोकरीबद्दल वेगळंच बोललं जायचं. आम्ही पडेगावचे, शेळ्यामेंढ्यांतले. आई पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, "पोरगी कंपनीचा बाजार करते." मी चिडायचे. डिप्लोमा केला, केसभर माप मोजणारं व्हर्निअर धरायला शिकले, आणि बाजार करते म्हणे! पण आईचं फारसं चुकत नव्हतं. शब्दाचा पक्का कोण, आणि गोड बोलून किडकी वांगी तळाशी घालणारा कोण, हेच तर बघायचं होतं. फक्त वांग्याला ड्रॉइंग नसतं.

चाचा मूळचे सिल्लोडचे. बापजाद्यांपासून धान्याचं दुकान. इकडं कारखान्यांची धुराडी उभी राहायला लागली, तशी मक्यापेक्षा लोखंडात बरकत आहे असं त्यांच्या मनानं घेतलं. मनानं घेतलं की चाचा मनाशी भांडत नसत. दुकान विकलं, शेड घेतली, पाइप कापायचं मशीन आणलं. आता परत जाऊन बसायला सिल्लोडात ओटा उरला नव्हता, आणि आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. यादीतून नाव गेलं असतं तर म्हातारा उतारवयात रस्त्यावर आला असता. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला त्याहून जास्त, कारण रात्रीची झोप माझी उडायची. ते निवांत झोपायचे.

त्यांच्याकडून आम्ही बोटाएवढा पाइपचा तुकडा घ्यायचो. स्कूटरच्या चाकात दोन बेअरिंगच्या मधे तो बसतो, स्पेसर म्हणतात त्याला. केसभर लांब झाला की वरचं झाकण बसत नाही आणि लाइनवरची माणसं हातोडी शोधायला लागतात. चाचांचा माल नेमका केसभर लांब. आखूड कधीच नाही. एक तुकडा लांब, एक आखूड असता तर मशीन जुनं झालं म्हटलं असतं. पण सगळेच्या सगळे सारखे लांब, म्हणजे यात कुणाचा तरी हात होता.

एका सकाळी मी शेडमध्ये स्टूल टाकून बसलेच. मशीनवर त्यांचा एकुलता एक कारागीर होता. तिशीतला, विद्यापीठाच्या मागच्या वस्तीत राहणारा, हात बसलेला आणि जीभ सुटलेली. पाइप जिथं येऊन टेकतो तो लोखंडी ठोकळा त्यानं माप घेऊन घट्ट केला, तुकडा कापला, माझ्या हातात दिला. अगदी बरोबर. दुसरा दिला, तोही बरोबर. तेवढ्यात चाचा चहा सांगून आले. येता येता त्यांनी लाकडी हातोडी उचलली आणि लेकराच्या पाठीवर थोपटावं तशी ठोकळ्यावर हळूच टेकवली. ठोकळा केसभर मागं सरकला.

"चाचा, हे काय केलं?"

"कुठं काय? शीग लावली."

शीग म्हणजे धान्याचं माप काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग लावतात तो. चाचांच्या दुकानात माप कधी सपाट सुटलं नव्हतं. पायली भरायची, वर निसटेपर्यंत शीग, आणि वरून एक मूठ गिऱ्हाइकाच्या पदरात. नेमकं मोजून देणारा दुकानदार म्हणजे त्यांच्या लेखी चोराचा थोरला भाऊ. लोखंडाच्या धंद्यात आल्यावर इज्जत सोडून द्यायची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"कमी दिलं तर मला धर," ते म्हणाले. "जास्त देणाऱ्यालाही धरतात, हा कुठल्या गावचा कायदा?"

"चाचा, कासारानं मला दोन नंबर मोठी बांगडी भरली, तर दिलदार म्हणायचं का त्याला?"

"मोठी असली तर हातात जाते तरी."

"आणि भाकरी थापताना पिठात पडते."

"मग काढून ठेवायची. तुम्हा पोरींना सबूरच नाही."

कारागीर मान खाली घालून हसत होता. "ताई, मी रोज सरळ करतो, हे रोज शीग लावत्यात. लोखंडाला शीग नसती म्हणून लई डोकं फोडलं. ऐकत्यात व्हय?"

शेवटी त्यानंच ठोकळ्यावर पत्र्याचा डबा बसवला आणि कुलूप घातलं. चाचा आठवडाभर रुसले. मग त्यांनी वेगळी वाट शोधली: खोक्यात चार तुकडे जास्तीचे घालायला लागले. मोजणी जुळेना म्हणून स्टोअरवाले माझ्या नावानं खडे फोडू लागले. मी चाचांना बजावलं, की आता एकही तुकडा जास्त निघाला तर मी तुमचा चहा प्यायचा बंद करीन. त्या धमकीनं मात्र ते घाबरले. माल मापात आला.

पहिली तक्रार मिटली. दुसरी मिटेना, कारण ती लोखंडाची नव्हती. नामांतराची वर्षं होती ती. चहाच्या टपरीवर समोर कोण बसलंय हे बघून मगच विद्यापीठाचा विषय काढायचा, अशी शहराची हवा. आमचा कारागीर त्या चळवळीत आत्तापासून नव्हे, मिसरूड फुटल्यापासून होता. मोर्चा निघाला की मशीन पुसायचा, फडकं घडी घालून ठेवायचा आणि जायचा. एकदा सत्याग्रहात पकडला गेला, तर चार दिवस आलाच नाही. पाइप तसेच पडलेले, आणि आमची लाइन बंद पडता पडता वाचली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "त्या म्हाताऱ्याला सांगा, तो कामगार कामावरून कमी करा. असली मोर्चेवाली माणसं आपल्याला परवडत नाहीत. महिन्याच्या आत काढला नाही तर मी नाव काढतो."

"असली माणसं" हे शब्द मला तिखटासारखे झोंबले. मी म्हटलं, "सर, स्पेसर तोच बरोबर कापतो. त्याला काढलं तर परत झाकणं बसायची नाहीत." साहेब म्हणाले, "मग दुसरा शिकवा." त्यांच्या लेखी माणूस म्हणजे नटबोल्ट, एक काढला की दुसरा बसतो.

मी चाचांना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, चिडतील, मला दोन शब्द सुनावतील. ते नुसते दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "तो मागायला जातोय बेटी. मागायला निघालेल्या माणसाला वाटेतून परत बोलावू नये."

"मग शेडचं काय करणार, चाचा?"

"साहेबांचं पण ऐकायला पाहिजे. रोटी त्यांची आहे." आणि त्यांनी विषय बदलून माझ्या लग्नाचा काढला. त्यांना काही सुचेनासं झालं की ते माझ्या लग्नावर यायचे.

मी पुरती वैतागले. महिना सरत आला तरी म्हातारा हलेना. साहेब रोज विचारायचे, "काढला का?" आणि मी रोज नवी थाप मारायचे. शेवटी चाचांचाच निरोप आला: कामगार कमी केला, साहेबांना घेऊन ये. म्हातारा तरला याचा आनंद करावा, की त्या माणसाची भाकरी गेली म्हणून रडावं, कळेना. जीपमध्ये साहेब खुशीत होते. मी खिडकीबाहेर बघत होते.

शेडवर नवा बोर्ड होता, रंग अजून ओला. चाचांच्या नावाशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरं नाव. आत मशीनवर तोच कारागीर, तेच फडकं. साहेबांचा चेहरा उतरला.

"हा अजून इथंच?"

"कामगार काढला, साहेब. तुम्ही म्हणालात तसं," चाचा अदबीनं म्हणाले. "आता शेडमध्ये एकही कामगार नाही. हे आमचे भागीदार. रजिस्टर कागद केलाय. शेडमध्ये निम्मा हिस्सा त्यांचा."

कारागिरानं फडक्याला हात पुसला आणि पुढं केला. साहेबांनी क्षणभर त्या हाताकडं पाहिलं, मग घेतला. दुसरं करणार काय? खुर्च्या दोनच होत्या. एक साहेबांना दिली, दुसरीवर चाचांनी भागीदाराला दंडाला धरून बसवलं. तो बिचारा काट्यावर बसल्यासारखा कडेला टेकला. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं, म्हणून मी उगाच व्हर्निअर पुसत बसले.

परतताना साहेब जीपमध्ये एवढंच म्हणाले, "म्हातारा बिलंदर आहे." लाल पेन काही त्यांनी काढलं नाही. पण पुढचा माल ठरल्या दिवशी आला पाहिजे, हे बजावलं.

तो दिवस नेमका विद्यापीठाचा निर्णय आल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. सरकारनं विद्यापीठाचं जुनं नाव ठेवून त्याला नवं जोडलं. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार मिळाला. दुपार कलली तरी माल नाही. मी लुना काढली. चौकाचौकात पोलीस होते. शेडचं शटर खाली, आणि चाचा बाहेर उन्हात खुर्ची टाकून एकटेच.

"चाचा, माल कुठं?"

"आज सुट्टी आहे."

"कुणी दिली?"

"मालकांनी. ते विद्यापीठाच्या कमानीकडं गेलेत."

"आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"मी कसा म्हणणार? मी निम्माच मालक."

मी डोक्याला हात लावला. आज रेघ बसणार, हे मी धरूनच चालले.

पण दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट लागायच्या आधीच टेंपो आमच्या गेटवर उभा होता. भागीदार स्वतः माल घेऊन आला होता. डोळे जागरणानं तांबारलेले. मागे चाचा खोक्यांवर बसले होते. मी तिथंच उभी राहून माल तपासला, सगळा मापात. सप्लायरच्या गुणपत्रकात उशिराचे गुण मी कापले, ते कापायलाच हवे होते, पण लाइन थांबली नाही आणि यादीतलं नाव राहिलं.

टेंपो आत घ्यायचा म्हणून वॉचमननं रजिस्टर उघडलं आणि नाव विचारलं. इतकी वर्षं तो माणूस या गेटवर "चाचांचा माणूस" एवढंच सांगायचा. आडनाव त्यानं कधीच सांगितलं नव्हतं, आणि का ते कुणी विचारायची गरज नव्हती. त्यानं चाचांकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. वॉचमनच्या खिडकीशी जरा वाकून त्यानं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, मग आडनाव सांगितलं, सावकाश, त्याला नीट लिहून घेता येईल असं.