कमलमावशीच्या नावाचं पोस्टकार्ड

परवा मुलुंडला आमच्या दारात पोस्टमन आला, बँकेचं कसलं तरी पाकीट घेऊन. सही केली आणि उगाच त्याला विचारलं, हल्ली पोस्टकार्डं येतात का हो कुणाची? नवीनच होता बिचारा, हसला आणि लिफ्टकडे वळला... मी मात्र दार लावायचं विसरून तिथेच उभी राहिले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा या टॉवरच्या जागी आमची तीन मजली सोसायटी होती आणि आमच्याकडे धुण्याभांड्याला कमलमावशी यायची. माझी वेणी ती आईपेक्षा छान घालायची, आणि आई मला ओरडली की पदराच्या गाठीतला लाडू गुपचूप माझ्या हातात ठेवायची...

ती राहायची नाल्यापलीकडच्या वस्तीत. आमच्या गॅलरीतून तिच्या घराचे पत्रे दिसायचे.

नाल्याच्या अलीकडे माणसं साठी उलटल्यावर जायची, हार्टने नाहीतर डायबेटिसने. पलीकडे मावशीचा नवरा गिरणी बंद पडल्यावर खोकून खोकून गेला, जाऊ बाळंतपणात गेली, दिराचं पोर जुलाबांनी. मावशी हे भांडी घासता घासता सांगायची आणि आम्ही चहा पीत ऐकायचो... खरं सांगते, तेव्हा त्यात काही खटकायचं नाही.

मग मावशीलाच खोकला लागला. तिला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात तिच्याबरोबर मी गेले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

टीबी निघाला. औषध वर्ष-दीड वर्ष, आणि मध्ये खंड पडता कामा नये, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना बजावलं.

केसपेपरवर पत्ता विचारला. वस्तीत पोस्टमन जात नसे, म्हणून मी शहाणीने आमचा पत्ता देऊन टाकला. घरी सांगायचं नाही अशी मावशीने शपथ घातली होती... कळलं तर कामं सुटतील म्हणून.

औषध सकाळी मिळायचं आणि सकाळीच तिची चार घरची भांडी. तिला उशीर झाला की आई कटकट करायची आणि मी सगळं माहीत असून गप्प बसायचे. थोडं बरं वाटायला लागल्यावर मावशीने एक खेप चुकवली.

आणि कार्ड आलं. ठरलेल्या तारखेला औषध न्यायला आला नाहीत, वर क्षयरोग विभागाचा जांभळा शिक्का, आणि पत्ता आमचा... आम्ही घरी नव्हतो म्हणून पोस्टमनने ते खालच्या काकूंकडे दिलं. पोस्टकार्डच ते, संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगचं वाचून झालं होतं.

त्यात माझ्या ताईसाठी स्थळं बघणं चाललेलं. आईचा तसा संताप मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने मावशीला दारातच थांबवलं आणि पूर्ण बरी झालीस की ये म्हणाली.

मावशी भांडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच बोलली, "तुजी काय चूक नाय गं मंजू. येते मी."

महिन्याभराने वरच्या मजल्यावरच्या काकांना हार्ट अटॅक आला. पोरांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली उतरवलं, टॅक्सी उभीच होती, पुढचे पंधरा दिवस घराघरातून नर्सिंग होममध्ये डबे गेले. काका घरी आल्यावर आई त्यांना बघायला गेली आणि परत येऊन स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली.

मग म्हणाली, "मंजू, त्यांचं कळलं तर डबे गेले. तिचं कळलं तर मी दार लावलं."

तोवर मावशीच्या नावाचं दुसरं कार्ड आलेलं होतं. आईने ते फाडलं नव्हतं, साखरेच्या डब्यामागे ठेवलं होतं. ते घेतलं, चपला घातल्या आणि आम्ही दोघी नाला ओलांडून गेलो... मावशी नऊ वर्षं रोज येत होती, आम्ही पहिल्यांदाच जात होतो.

तिच्या घरात दुसरंच बिऱ्हाड होतं. ती पोरीला घेऊन गावाला भावाकडे गेली, असं तिथल्या बाईने सांगितलं. नऊ वर्षं आमच्याकडे कामाला होती ती, असं सांगून आईने विचारलं, कुठलं गाव?

बाईने उलट आईलाच विचारलं. "आमी आत्ता आलो हितं, आमाला काय ठावं? तुमच्याकडं व्हती ना ती नऊ वर्सं?"

मावशी गावाला जाते म्हणाली की आम्ही फक्त विचारायचो, परत कधी येणार? गावाचं नाव कुणी कधी विचारलंच नाही...

त्यानंतर आई रोज पोस्टमनची वाट बघायची. गॅलरीतून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं विचारायची, आमचं दवाखान्याचं कार्ड आहे का? आणखी एक आलं, मग कार्डंही यायची बंद झाली. मावशीने गावाकडे औषध सुरू केलं, की दवाखान्याने नाव कमी केलं, की... ते कधीच कळलं नाही.

आई गेली तीही हार्टनेच. ऐंशीव्या वर्षी, आम्ही सगळे उशाशी असताना. शेवटच्या वर्षात आई माणसं विसरायला लागली होती, पण कमल आली का हे मात्र विचारायची.

मावशीची मुलगी सुनंदा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. सुनंदा, हे फिरत फिरत तुझ्यापर्यंत पोचलं तर... सोसायटी पाडून टॉवर झालाय, पण आमचा पत्ता तोच आहे. मावशी बरी झाली का, एवढंच कळव मला. उघडं पोस्टकार्डच टाक गं, सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.